रुखवत टेम्पोत चढेपर्यंत

सोलापूरला समुद्र नाही. आमचं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे उजनी, आणि तेही नळाला चार-पाच दिवसांआड दर्शन देतं. न्हावाशेवा बंदर गाठायचं तर पुणं आणि बोरघाट ओलांडावा लागतो. विमानतळ होता, पण विमान नव्हतं. वाटेत साखर कारखान्याची चिमणी आडवी आली, ती 2023 साली पाडली आणि त्यानंतरही गोव्याचं विमान उडायला 2025 उजाडलं. एवढं सगळं असून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चहाच्या गाड्यावर उभं राहिलात तर कानावर पडतं, "एफओबी दिलं होतं की, आता सीआयएफ मागूलालेत!" बोलणाऱ्याच्या पायात स्लीपर, खांद्यावर कापसाची तूस आणि हातात अर्धा कटिंग. ज्या शहरानं जहाज फक्त कॅलेंडरवर पाहिलं, तिथं जहाजात माल चढल्यावर कुणाची जबाबदारी संपते यावर रोज वाद होतो.

याचं कारण टॉवेल आणि चादर. या दोन्ही वस्तूंना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे सोलापुरीच चादर सोलापुरी. आमच्या शेजारचे टॉवेलवाले अण्णा त्यातलेच. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, शिव्या कन्नडमध्ये आणि ईमेल इंग्रजीत. परदेशातून काही मागवायचं झालं की अख्खी गल्ली आधी अण्णांकडे जाते. ते मोबाइलवरचं पान चष्मा कपाळावर सरकवून वाचतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "टर्म काय हाय?"

ही टर्म भल्याभल्यांना कळत नाही. पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळ नावाची एक संस्था आहे. मालाची ने-आण कुणी करायची, खर्च कुणाचा आणि वाटेत काही फुटलं-तुटलं तर कुणाचं, याचे नियम तिनं 1936 साली पहिल्यांदा छापले. त्यांना इन्कोटर्म्स म्हणतात. अधूनमधून नवी आवृत्ती निघते. 2020च्या आवृत्तीत असे अकरा प्रकार आहेत आणि प्रत्येकाला तीन इंग्रजी अक्षरं. यात नवं काही नाही असं माझं मत आहे. आपल्याकडे लग्न ठरलं की याद्या होतात, तेच हे. मांडव कुणाचा, वऱ्हाडाची बस कुणाची, बँडवाल्याला चहा कुणी पाजायचा, हे दोन्हीकडची वडीलमंडळी कागदावर लिहून सह्या करतात. पॅरिसवाल्यांनी तेच केलं, फक्त हळदीकुंकू लावलं नाही.

समजा, विषय रुखवताचा आहे. "रुखवत आमच्या माजघरात मांडलंय, तुम्हीच उचलून न्या," असं मुलीकडचे म्हणाले तर ते एक्सवर्क्स. "टेम्पोत चढवून देऊ, पण एकदा चढवलं की बरणी फुटली तरी ती तुमची," हे एफओबी. "टेम्पोचं भाडंही देऊ, विमाही उतरवू, पण चढवल्यानंतर फुटलं तर निस्तरायचं तुम्ही," हे सीआयएफ. यात देणारा खर्च करून मोठेपणा घेतो आणि घेणारा काळजी करत बसतो. "तुमच्या दारापर्यंत आणून देतो, पण वेशीवरची जकात तुमची," हे डीएपी. आणि "जकातीसकट तुमच्या हॉलमध्ये आणून मांडतो, तुम्ही नुसतं या आणि बघा," हे डीडीपी. असे व्याही भाग्यानेच मिळतात, आणि मिळाले तरी त्यांनी ती रक्कम आधीच कशात तरी लावलेली असते.

पूर्वी एफओबीमध्ये एक बहारीची तरतूद होती. जबाबदारी बदलायची रेघ म्हणजे जहाजाचा कठडा. क्रेननं गाठोडं उचललं आणि ते कठड्याच्या अलीकडे पडलं तर विकणाऱ्याचं, पलीकडे पडलं तर घेणाऱ्याचं. कठड्यावरच आपटलं तर बहुधा वकिलांचं. 2010च्या आवृत्तीत तो कठडा काढला आणि माल जहाजावर ठेवला की जबाबदारी बदलली, असं सरळ करून टाकलं. सरळ नियमानं कितीजणांचा धंदा बसला असेल, कोण जाणे. त्याच आवृत्तीत डीडीयू, म्हणजे 'पोचवू, पण जकात भरणार नाही', हा प्रकारही रद्द झाला. ऑनलाइन दुकानदारांना मात्र हे अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. पानाच्या तळाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत ते अजून डीडीयूच लिहितात. आणि सर्वात वर, हाताच्या पंजाएवढ्या अक्षरांत लिहितात, 'जगात कुठेही मोफत घरपोच'.

मोफत हा शब्द दिसला की पुढचं वाचायचं नसतं, असा आपल्याकडे संकेत आहे. आमचे दाजी निवृत्त शिक्षक. त्यांना शाईच्या पेनांचा नाद. नवी पेठेत मिळणाऱ्या पेनांची निब त्यांच्या मते 'रेघ ओढते, लिहीत नाही'. म्हणून त्यांनी जपानी पेनाकडे मोर्चा वळवला. पेनाला मोफत घरपोच नव्हतं, पण त्यांना ते चालणार होतं. दाजींचा हिशेब पक्का असतो. पेन 2,000 रुपये, विमानाचं भाडं 2,000 रुपये, एकूण 4,000. यात त्यांनी धरलं नव्हतं ते सरकार.

सरकारचा हिशेब वेगळ्याच वहीत होतो. खाजगी वापराच्या पार्सलवर मधली काही वर्षं जो दर होता, तो धरून सांगतो. नंतर तो उतरला आहे, पण मजा जुन्याच दरात आहे. आधी वस्तूची किंमत ठरवायची. ती म्हणजे नुसती पेनाची किंमत नव्हे. तिच्यात भाडं आणि विमा मिळवायचा. माल विमानानं आला तर भाडं किमतीच्या 20 टक्क्यांहून जास्त धरायचं नाही, एवढी दया नियमात आहे. म्हणून दाजींचं 2,000चं भाडं तिथं 400 झालं. विमा किती हे कळत नसेल तर किमतीच्या 1.125 टक्के धरायचा. झाले 22 रुपये 50 पैसे. दाजींनी विमा काढलाच नव्हता. पण सरकारनं तो मनातल्या मनात काढला आणि त्यावर कर लावला. पेन फुटलं असतं तर हा विमा कुणाकडे मागायचा, हा दाजींचा प्रश्न मी ऐकला नाही असं दाखवलं. (2017पर्यंत तर माल बंदरावर उतरवण्याचा म्हणून आणखी 1 टक्का धरायचे, माल विमानानं आलेला असला तरी.)

म्हणजे पेन झालं 2,422 रुपये 50 पैशांचं. त्यावर 35 टक्के सीमाशुल्क, सुमारे 848. त्या शुल्कावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, सुमारे 85. आता या सगळ्याची बेरीज करायची, वस्तू, भाडं, न काढलेला विमा, शुल्क, अधिभार, आणि त्या बेरजेवर 28 टक्के आयजीएसटी, सुमारे 939. एकूण कर 1,872. टक्केवारी सांगायची तर 77.28. दाजी गणिताचे शिक्षक. त्यांनी हा हिशेब तीनदा तपासला आणि शेवटी हात जोडले. "हे चक्रवाढ व्याज नव्हे," ते म्हणाले, "ही चक्रवाढ भक्ती आहे. देवावर फूल, फुलावर फूल, त्या फुलावर पुन्हा फूल." त्यांना कराचा एवढा राग नव्हता, जेवढा त्या 85 रुपयांचा कौतुकमिश्रित अचंबा होता. आपण पेनानं शुद्धलेखन लिहिणार आणि त्यात समाजाचं कल्याण 85 रुपयांनी होणार, हे त्यांना अगदीच अनपेक्षित होतं. निवृत्तीपर्यंत फळ्यावर लिहून तेवढं कल्याण झालं असेल का, याबद्दल ते साशंक होते.

आणि पार्सल कुरिअरनं आलं तर हे सगळं कुरिअरवाल्यानं आधीच आपल्या खिशातून भरलेलं असतं. तुमच्यावर उपकार म्हणून. त्या उपकाराची फी वेगळी, आणि त्या फीवर 18 टक्के जीएसटी वेगळा. दारात माणूस उभा, त्याच्या हातात पार्सल, तुमच्या हातात मोबाइल, आणि मध्ये एक क्यूआर कोड. अशा वेळी बाणेदारपणे 'नको, परत न्या' म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पार्सल दिसलं की माणसाचा कणा वाकतो. परत पाठवलं तर भाडं कोण देणार, हे त्या तळाच्या मुंगीच्या अक्षरांत होतंच.

हुशार माणसं मग वेगळी वाट शोधतात. परदेशी टपालाच्या पार्सलवर सीएन 22 नावाची चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर चौकोन असतात: भेट, कागदपत्रं, नमुना, विक्रीचा माल. विक्रेत्याला लाडात येऊन लिहायचं, 'बाबा रे, भेट या चौकोनावर खूण कर.' मग जपानमधला कुणी अनोळखी दुकानदार सोलापूरच्या दाजींना वाढदिवस नसताना पेन भेट देतो, आणि भेटीसोबत बिलही पाठवतो. हे सर्वांना ठाऊक होतं, सरकारलाही होतं. 12 डिसेंबर 2019 रोजी अधिसूचना निघाली: टपालानं किंवा कुरिअरनं आलेला माल भेट म्हणून सोडवून घ्यायला मनाई. अपवाद दोनच, जीव वाचवणारी औषधं आणि राखी. पूर्ण शुल्क भरलंत तर भेट हवी तेवढी घ्या, असा खुलासाही खाली आहे. आणि राखीपुढे आणखी एक खुलासा आहे, जो ज्या कुणा अधिकाऱ्यानं लिहिला त्याला मी मनोमन दंडवत घालतो: राखी चालेल, राखीबरोबरची भेट चालणार नाही.

हे वाक्य लिहिताना त्या माणसाच्या डोळ्यांसमोर अख्खा हिंदुस्थान उभा राहिला असणार. अमेरिकेतली बहीण, तिचा भाऊ, तिनं पाकिटात कोंबलेला चॉकलेटचा डबा, आणि डब्याच्या तळाशी वहिनीसाठी लिपस्टिक. राखीला सूट मिळते तीही जिव्हाळ्यानं नव्हे. सीमाशुल्क कायद्याच्या 25व्या कलमात असं आहे की, शुल्क 100 रुपये किंवा त्याहून कमी भरत असेल तर ते घ्यायचं नाही. राखीची सूट त्या पोटकलमात बसवली आहे. मुद्दा असा की भावाबहिणीच्या नात्यावर शंभर रुपयांच्या आतच शुल्क बसतं, असं सरकारनं गृहीत धरलंय. माझ्या आतेबहिणीला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग तू ओवाळणी डॉलरमध्ये पाठव, तिच्यावर किती बसतं ते बघू." मी विषय बदलला.

जकातीला नावं ठेवणं सोपं आहे, पण तिचं कूळ मोठं आहे. 1671 साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला लिहिलं की बारदेशचं, म्हणजे पोर्तुगीजांच्या मुलखातलं मीठ स्वस्त पडतंय, त्यावर जबर जकात बसवा, नाहीतर आपलं मीठ कोण घेईल? त्या पत्रात अर्थशास्त्राचं अख्खं पुस्तक आहे, आणि तेही टपालखर्चाशिवाय. सोलापूरचं म्हणाल तर शहराच्या वेशीवर जकात नाके होते. ट्रकांच्या रांगा, दोरी, पावतीपुस्तक, आणि 'भाजीच हाय साहेब' असं म्हणणारा ड्रायव्हर. मग एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. 1 ऑगस्ट 2015ला तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी गेला आणि 2017 साली जीएसटी आला. नाक्यावरची दोरी गेली असं आम्हाला वाटलं. ती फक्त मोबाइलमध्ये येऊन बसली होती.

मोबाइलमध्ये पार्सलचा माग काढणं हा एक नवा व्यसनप्रकार आहे. टपालाच्या पार्सलला तेरा अक्षर-अंकांचा नंबर असतो. पुढं दोन अक्षरं, मध्ये नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं. ज्यांना स्वतःच्या बायकोचा मोबाइल नंबर पाठ नाही, त्यांना हा पाठ असतो. पार्सल टोकियोहून निघतं आणि झटकन मुंबईत उतरतं. इथवर सगळं आनंदात. मग 'कस्टम्सकडे' हा एकच शब्द दिसतो आणि काळ थांबतो. मुंबई-सोलापूर वंदे भारत 2023च्या फेब्रुवारीपासून धावते, साडेसहा तासांत पोचते; सिद्धेश्वर एक्सप्रेस एका झोपेत आणून सोडते. पेन मात्र बॅलार्ड इस्टेटच्या परिसरात मुक्काम ठोकतं. दाजी रोज सकाळी बघत, दुपारी बघत, रात्री जेवून बघत. ताई म्हणाली, "माझं बाळंतपण झालं तेव्हा इतके फोन नव्हते केलेत तुम्ही."

दाजींना पेन मिळालं, ते उत्तम आहे, रेघ ओढत नाही. पण आमच्या गल्लीतलं खरं प्रकरण टॉवेलचं. कोपऱ्यावरच्या बिल्डिंगमधल्या एका नव्या नवरदेवानं बायकोला खूश करायला परदेशी संकेतस्थळावरून 'अस्सल तुर्की' टॉवेलचा जोड मागवला. सोलापुरात. म्हणजे कोल्हापुरात राहून बंगळूरहून चप्पल मागवण्यातला प्रकार. करासकट जी किंमत झाली ती तो कुणाला सांगत नाही, पण बायकोनं सांगितली. अण्णांना बोलावणं गेलं. अण्णांनी टॉवेल दोन बोटांत धरला, चुरगाळला, गालाला लावला, उलटा केला, काठाची शिलाई नखानं उचलून पाहिली. लेबलवर तुर्कस्तान लिहिलेलं होतं. अण्णांनी लेबलकडे बघितलंसुद्धा नाही.

"हे आपलंच हाय बे," ते म्हणाले.

"अण्णा, लेबल बघा की."

"लेबल काय बघूलालास? लूप बघ. हे अक्कलकोट रोडचं हाय. कुणाचं हाय तेबी सांगतो, पण सांगणार नाही, दिवाळीला त्यांच्याकडं जेवायला जायचंय."

याला पुरावा काहीच नाही, आणि मी तर म्हणेन अण्णांची चूकच झाली असेल. तुर्की लोकांनाही टॉवेल विणता येतो. पण त्यानंतर अण्णांनी जो हिशेब मांडला तो ऐकून नवरदेवाचा चेहरा उतरला. सोलापूरहून निघताना एफओबी किंमत किती, तिकडे दुकानात किती, परत येताना भाडं किती, मनातल्या मनात काढलेला विमा किती, त्यावर शुल्क, त्यावर अधिभार, त्यावर कर. "म्हणजे," अण्णा म्हणाले, "तू याला जगप्रवासाला पाठवलंस आणि तिकिटाचे पैसे भरलास." तो जोड आता पाहुण्यांसाठी ठेवला आहे. घरचे सोलापुरी वापरतात.

हे झालं येणाऱ्या मालाचं. जाणाऱ्या मालाची गंमत 2025 साली झाली. सोलापूरहून अमेरिकेला दोनच गोष्टी नेमानं जातात: टॉवेल आणि आयांनी केलेला फराळ. टॉवेलवर ट्रम्पसाहेबांनी ऑगस्टअखेरीस एकूण 50 टक्के जादा आयातशुल्क आणलं, त्याचं रडगाणं अण्णांच्या तोंडून ऐकावं. त्यात विनोदाला जागा नाही, माग बंद पडतात तेव्हा विणकराच्या घरची चूल बोलते. फराळाचं दुःख निराळं. तिकडे 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला शुल्कमाफी होती, ती 29 ऑगस्टला संपली. शुल्क नक्की कुणी, कुठं, कसं गोळा करायचं याचा मेळ बसेना, म्हणून आपल्या टपाल खात्यानं 25 ऑगस्टपासून अमेरिकेचा माल घेणं थांबवलं, आणि महिनाअखेरीस तर पत्रंसुद्धा. ती सेवा पुन्हा सुरू झाली 15 ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन होतं 21 ऑक्टोबरला.

नवी व्यवस्था डीडीपी. म्हणजे अमेरिकेचं शुल्क इथंच, पाठवणाऱ्यानंच, काउंटरवर भरायचं. तेव्हा ते जाहीर केलेल्या एफओबी किमतीच्या 50 टक्के होतं. 100 डॉलरपर्यंतची भेट मात्र तिकडे माफ. शिवाय अमेरिकेच्या अन्नखात्याचा एक नियम फार प्रेमळ आहे. बाहेरचं खाद्य पाठवायचं तर आधी वर्दी द्यावी लागते. पण घरात स्वतः केलेलं आणि एका माणसानं दुसऱ्या माणसाला भेट म्हणून पाठवलेलं असेल तर वर्दीची गरज नाही. या नियमानं गल्लीत मोठं धर्मसंकट उभं केलं. कारण अलीकडे निम्म्या घरांतली चकली बचत गटाकडून येते, आणि हे सुनेला, व्याह्यांना आणि देवाला माहीत नसतं. ते आता अमेरिकेला खरंखरं सांगायचं? दुबईवाल्यांचं वेगळंच. तिकडे खसखस म्हणजे थेट तुरुंग, त्यामुळे अनारसे आमच्या गल्लीतून आखाताकडे कधीच जात नाहीत. शारजात नोकरी करणाऱ्या मुलाला आई फोनवर अनारशाचं वर्णन करून सांगते.

तर ऑक्टोबरच्या त्या आठवड्यात टपाल कार्यालयात ही रांग. पिशव्या, डबे, प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक, सेलोटेपचे भेंडोळे, कडक भाकरीचा कडकड आवाज. अण्णा नमुन्याचे टॉवेल घेऊन उभे, त्यांच्यापुढे मागच्या गल्लीतल्या मावशी. त्यांचा मुलगा टेक्सासला. डब्यात शेंगाचटणी, शंकरपाळे, बेसनलाडू.

"मावशी, किंमत सांगा," काउंटरवरचा मुलगा म्हणाला.

"कशाची?"

"ह्याची. एफओबी."

मावशींनी मागं वळून अण्णांकडं पाहिलं. अण्णा म्हणाले, "गाडीत चढेपर्यंत जेवढा खर्च झाला, तेवढा सांगायचा."

मावशी बोटांवर मोजू लागल्या. शेंगदाणे, लसूण, तिखट, तूप, बेसन, गॅस, डबा. मग थांबल्या. "आणि रात्री दोनपर्यंत लाडू वळले ते?"

"ते धरत नाहीत, मावशी."

"का? त्यांचा माल विमानानं जातो तेव्हा न काढलेला विमा धरतात, हे मास्तरांनी सांगितलंय मला. माझं जागरण तर खरं झालंय."

रांगेत कुणीतरी म्हणालं, "बरोबर हाय की." काउंटरवरच्या मुलानं पेन खाली ठेवलं. अण्णांनी मध्यस्थी केली, "मावशी, जास्त लावलं की शंभर डॉलरच्या वर जाईल, मग निम्मं इथंच भरायला लागंल. कमीच सांगा."

"कमी? माझ्या लाडवाला कमी?" मावशी कडाडल्या. "लिही रे बाळा. नव्व्याण्णव डॉलर. आणि खाली लिही, शेंगाचटणी वेगळी, तिची किंमत होत नाही."